गाव सुरक्षा आराखडा : निवृत्त पोलीस, माजी सैनिक की कंपनी? सल्लागाराची पार्श्वभूमी कशी तपासायची?

पांदणरस्ता (ग्रामपंचायत सदस्य, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. गाव साधारण ३,२०० वस्तीचं, ठाणं १९ किलोमीटरवर. दोन हंगामांपासून वावरातल्या विहिरींवरून मोटारपंप अन् केबल चोरी जाऊन राहिले. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनच्या दोन गंज्या जळाल्या. फाट्यावरच्या बसथांब्याजवळ शाळेच्या पोरींना त्रास होतो, तो वेगळाच. जाणकार माणसाकडून गावाचा सुरक्षा आराखडा करून घ्यावा असा ग्रामसभेत ठराव झाला. तीन प्रस्ताव आले :

१) निवृत्त पोलीस निरीक्षक. पत्रात '३४ वर्षांचा दांडगा अनुभव' एवढंच.
२) माजी सुभेदार. त्यांची गार्ड पुरवणारी एजन्सी आहे. आराखडा करून देतील, मग रात्रीला चार गार्ड ठेवा म्हणतात.
३) शहरातली कंपनी. पत्रकावर 'क्रिमिनॉलॉजिस्ट', 'सेफ्टी एक्स्पर्ट' अशी नावं. १६ कॅमेरे, ४ टीबी हार्ड डिस्क त्यांच्याकडून घेतली तर आराखडा फुकट.

कोणत्या पार्श्वभूमीचा माणूस कोणत्या कामाचा? सांगितलेला अनुभव खरा का, ते कसं पाहायचं? अन् पैसे कोणत्या निधीतून द्यायचे? पुढच्या मासिक सभेत निर्णय घ्यायचा आहे.

---

ठाणे_दैनंदिनी

भाऊ, हुद्दा बाजूला ठेवा, नेमणुका मागा. पोलीस खात्यात ३४ वर्षं म्हणजे ३४ वर्षं गावगुन्हेगारीचं काम असं होत नाही. राज्य राखीव दलात बंदोबस्त, वाहतूक शाखा, बिनतारी विभाग, मुख्यालयातला स्टोअर, प्रशिक्षण केंद्रातली कवायत, स्थानिक गुन्हे शाखा, ठाण्याची गोपनीय शाखा हे सगळं एकाच गणवेशात येतं. तुमच्या गावाला लागतो तो माणूस ग्रामीण ठाण्यात तपास केलेला किंवा बीट (ठाण्याच्या हद्दीतला ठरावीक गावांचा भाग) सांभाळलेला. शेवटची बारा वर्षं मुख्यालयात काढलेल्या निरीक्षकापेक्षा तुमच्यासारख्याच भागात बीट अंमलदार राहिलेला निवृत्त सहायक फौजदार केबल चोरीच्या कामाला कधीही भारी.

म्हणून त्यांच्याकडून एक साधा तक्ता घ्या : वर्ष, ठाणे किंवा शाखा, पद, काम. सोबत सेवानिवृत्तीचा आदेश आणि पेन्शनच्या आदेशाची प्रत. विभागीय चौकशी किंवा फौजदारी प्रकरण प्रलंबित नसल्याचं स्वयंघोषणापत्रही मागा. खरा माणूस याचा राग मानत नाही, खात्यात आयुष्यभर त्याने हेच कागद मागितलेले असतात.

मग समोर बसवून तुमच्याच गावाचे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न केबलचा. चोराला केबल नको असते, आतलं तांबं हवं असतं. नाल्यात किंवा पडीक वावरात वरचं प्लास्टिक जाळून तांबं भंगारात जातं. जाणता माणूस गस्तीची भाषा करण्याआधी तुम्हालाच विचारेल : जळक्या प्लास्टिकच्या खुणा कुठं सापडल्या? आजूबाजूला भंगारवाले किती, माल कोणत्या आठवडी बाजाराच्या आसपास फिरतो? चोरी ओलिताच्या पाळ्यांमध्ये होते की मोटारी बंद असतात त्या काळात? उत्तरात तो आणखी तीन गोष्टी सांगेल. पंपाच्या बॉडीवर पंचाने (अक्षरं-आकडे ठोकायच्या लोखंडी ठशाने) गट नंबर आणि आद्याक्षरं ठोकून घ्या. नेमप्लेटचा अनुक्रमांक वाचता येईल असा फोटो आणि बिल मोबाइलमध्ये ठेवा. विहिरीपासून स्टार्टरपर्यंतची केबल पाइपमध्ये घालून दोन-अडीच फूट खाली पुरा. ओळखीची खूण नसेल तर पंप सापडला तरी तो कुणाचा हे सिद्ध करताना दमछाक होते, आणि कास्तकार रिकाम्या हाताने परततो.

दुसरा प्रश्न गंजीचा. आग विझल्यावर लोक उरलेलं सोयाबीन वाचवायला राख उपसतात, आणि पुरावा तिथंच जातो. विझवण्यापुरती माणसं आत, बाकी सगळे बाहेर. चारही बाजूंनी फोटो. वरून विजेची तार गेली आहे का, ते पाहणे. तारांची ठिणगी पडली असेल तर प्रकरण महावितरणकडे वळतं, त्यामुळे हे आधीच टिपून ठेवावं. पेट्रोल-डिझेलचा संशय असेल तर राखेचा आणि खालच्या मातीचा नमुना तपास अधिकारी हवाबंद डब्यात घेतो. साध्या पन्नीच्या पिशवीतून वाफ उडून जाते आणि नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतून 'आढळले नाही' असा अहवाल येतो. नुकसानीचा महसूल पंचनामा वेगळा आणि पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा वेगळा, हे ज्याला सांगता येत नाही त्याने तपास जवळून पाहिलेला नाही.

तिसरी कसोटी सोपी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. अजूनही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या प्रतिबंधक कारवायांची '१०७ करू, ११० लावू' एवढ्यावरच जो थांबतो त्याचं वाचन मागं पडलं आहे. त्या कारवाया आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ आणि १२९ खाली होतात. आकडा चुकला म्हणून माणूस बाद करू नका, पण आराखड्यात जुनी कलमं छापून आली तर काम दुसऱ्या कुठून उचललेलं आहे असं समजा.

पोलीस पार्श्वभूमीची एक मर्यादाही सांगतो. या मंडळींना प्रत्येक दुखण्यावर बंदोबस्त आणि गस्त सुचते. पोरींचा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या हाती देऊ नका.

---

कामठी_रोड

माजी सैनिकांबद्दल थोडक्यात. शिस्त, नकाशा वाचणं, रात्रीचं काम, माणसांची पाळी लावणं यात त्यांना तोड नाही. पण सैन्यात असताना मुलकी गुन्ह्याचा तपास बहुतेकांच्या वाट्याला आलेला नसतो. कोणत्या शाखेत होते ते विचारा. सिग्नल्सवाला संपर्क यंत्रणा छान बसवेल, सैन्य पोलिसातला माणूस नोंदी आणि चौकशी जाणतो, इंजिनिअर्समधला कुंपण-उजेडाचं बघेल. डिस्चार्ज बुक (सैन्यातून बाहेर पडताना मिळणारं सेवेच्या नोंदीचं पुस्तक) पाहा. शंका आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पडताळणी करा.

एजन्सीचं मात्र बारकाईनं पाहा. खासगी सुरक्षा एजन्सी अधिनियम २००५ खालचा परवाना पाच वर्षांचा असतो. मुदत आणि त्यात तुमचा जिल्हा येतो का ते वाचा. गार्डला किमान १६० तासांचं प्रशिक्षण लागतं, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, कमीत कमी २० कामाच्या दिवसांत. गार्ड माजी सैनिक किंवा माजी पोलीस असेल तर ४० आणि १६ तास. प्रमाणपत्रावरच्या तारखा मोजा. २० दिवसांचं प्रशिक्षण आठवड्यात उरकल्याचे कागद दिसले तर पुढं बोलूच नका.

आणि हा परवाना गार्ड पुरवण्याचा आहे. सुरक्षेचा सल्ला देण्यासाठी वेगळा परवाना नसतो, त्यामुळे 'सरकारमान्य सुरक्षा सल्लागार' असं कुणी लिहिलं असेल तर कोणत्या कायद्याखाली, कोणत्या क्रमांकाने, एवढं विचारा.

चार गार्ड ३,२०० वस्तीच्या शिवारात काय राखणार? गार्ड फाटक राखतो, आणि शिवाराला फाटक नसतं. जो आराखडा करतो त्यालाच गार्डचं बिल मिळणार असेल तर आराखड्यात गार्डच निघणार.

---

अर्थिंग_पक्कं

तिसऱ्या प्रस्तावाचं गणित करून दाखवतो, मग त्यांच्याकडे खरा तंत्रज्ञ आहे का ते तुम्हीच ठरवा.

एक कॅमेरा २ एमबीपीएसने रेकॉर्ड करतो असं धरा. दिवसाचे २१.६ जीबी होतात. १६ कॅमेरे म्हणजे रोज साधारण ३४५ जीबी. ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. तीस दिवस ठेवायचं तर १०.४ टीबी लागेल. आता तुमची चोरी पाहा. दोन ओलितांच्या मध्ये कास्तकार विहिरीवर कधीकधी पंधरा-वीस दिवसांनी जातो. केबल गेल्याचं कळेपर्यंत त्या रात्रीचं रेकॉर्डिंग पुसलेलं असतं. हा हिशेब ज्याने मांडला नाही त्याने तुमच्या गावाचा विचार न करता दरपत्रक पाठवलं आहे.

१६ लागतातच कशाला? चोरी वावरात, कॅमेरे चौकात, असं होऊन उपयोग नाही. पंप-केबल घेऊन जाणारी गाडी ज्या रस्त्यांनी बाहेर पडते ते रस्ते मोजा. पांदण धरून बहुतेक गावांना असे चार-पाचच असतात. प्रत्येक तोंडावर एक कॅमेरा, आणि मुख्य फाट्यावर नंबरप्लेटसाठी एक वेगळा. नंबरप्लेटचा कॅमेरा गतिरोधकापाशी, एकाच लेनवर रोखलेला, गाडीच्या दिशेशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात. रात्री शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. साधा कॅमेरा खांबावर उंच लावला की रात्री हेडलाइटचा पांढरा गोळा तेवढा दिसतो. कंपनीला म्हणा, दुसऱ्या गावातलं तुमचं रात्री ११ नंतरचं, चालत्या दुचाकीची प्लेट वाचता येईल असं फुटेज दाखवा. दिवसाचं दाखवून काम भागवू देऊ नका.

वीज. १६ कॅमेरे गुणिले ७ वॅट, वर रेकॉर्डर आणि स्विच मिळून ४०-५०, म्हणजे १६० वॅट धरा. १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी, अर्धीच वापरायची आणि इन्व्हर्टरचा तोटा वजा केला तर पाच तासांच्या आत बसते. सहा कॅमेऱ्यांना तीच बॅटरी नऊ तास पुरते. भारनियमन रात्री असेल तर फरक इथंच पडतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त मार खातो तो रेकॉर्डर, पहिल्या वळवाच्या विजेत. खांबाखांबात तांब्याची नेटवर्क केबल ओढलेली असली की वीज तिच्यातूनच आत येते. ती केबल तशीही १०० मीटरच्या पुढं चालत नाही. दोन खांबांत फायबर घ्या, रेकॉर्डरला वेगळं अर्थिंग ५ ओहमच्या आत, आणि सर्ज प्रोटेक्टर. उघड्या वायरी माकडं ठेवत नाहीत, म्हणून जमिनीपासून बॉक्सपर्यंत लोखंडी पाइप. प्रस्तावात 'अर्थिंग' हा शब्द कितीदा आला ते मोजा.

शेवटचं, रेकॉर्डरचं घड्याळ. वीस मिनिटं पुढं-मागं असेल तर कोर्टात वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतो. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळेल असं सेटिंग करून घ्या, आणि महिन्यातून एकदा तपासल्याची सही रजिस्टरात.

---

काळा_कोट_दारव्हा

अर्थिंगभाऊंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. फुटेज पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग : भाग 'अ' यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधून काढलेला ओळखीचा आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो). म्हणजे यंत्रणा कोणाच्या ताब्यात हे ठरावाने नाव घेऊन लिहून ठेवा. 'ग्रामपंचायत' असं मोघम लिहिलं की सही कुणी करायची यावरच अडतं.

रात्रीच्या गस्तीबद्दल सल्लागार काय लिहितो ते फार जपून वाचा. खासगी व्यक्तीला कुणाला धरण्याचा अधिकार आहे, पण तो आपल्या समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर किंवा तो माणूस फरार घोषित असेल तर. धरल्यावर विनाविलंब, आणि उशिरात उशिरा सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. नुसत्या संशयावरून अडकवून ठेवणं, हात बांधणं, मारणं हे गस्त घालणाऱ्यांवरच गुन्हा ओढवतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. आपल्या गावांतून बहुरूपी, गोसावी, मेंढपाळ, ऊसतोड मजूर सारखे जातात-येतात. त्यांच्याशी कसं वागायचं हे ज्या आराखड्यात नाही तो आराखडा धोक्याचा आहे. गस्तीवाल्याच्या हाती शिटी, टॉर्च, ओळखपत्र आणि ११२ नंबर. काठीच्या पुढं काही नको. ग्राम सुरक्षा दल करायचं तर पोलिसांमार्फत, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली; स्वतःच शिक्का मारून दल उभं करू नका.

पोलीस पाटलांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने गावातल्या घडामोडी वर कळवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. त्यांना डावलणारा सल्लागार ठाणेदारालाही नकोसा होतो.

---

पांदणरस्ता

फार मोलाची माहिती, आभारी आहे. दोन गोष्टी राहिल्या. तो 'क्रिमिनॉलॉजिस्ट' म्हणजे नेमकं काय पाहायचं? अन् पोरींच्या थांब्याचं काम कोणाकडं द्यायचं? आमच्या इथं थांब्याला लागूनच पानठेला आहे, बसची वाट पाहत पोरी अर्धा-पाऊण तास उभ्या राहतात.

---

सखी_समुपदेशन

दादा, गुन्हेशास्त्राची पदवी खरी असते आणि उपयोगाचीही, पण तिची परीक्षा पद्धतीवरून घ्या. 'क्राइम इन इंडिया' हा केंद्राचा गुन्ह्यांचा अहवाल जिल्ह्यापर्यंतचे आकडे देतो, गावाचे देत नाही. त्यातून कुणी तुमच्या गावाचा गुन्हेदर काढून दाखवला तर तो आकडा रचलेला आहे. गावपातळीचं ठाण्याच्या नोंदींतून येतं. माहिती अधिकारात अर्ज करा : मागील पाच वर्षं, गावाच्या हद्दीतले दखलपात्र आणि अदखलपात्र, प्रकार, महिना आणि वेळेनुसार फक्त संख्या. नावं मागू नका, तिथंच अर्ज अडतो. एक विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क, ३० दिवस. बऱ्याच चोऱ्या नोंदवल्याच जात नाहीत, म्हणून गुन्हेशास्त्राचा माणूस घरोघर पाहणी करतो. दर पाचवं घर घेतलं तर तुमच्या गावात सव्वाशे-दीडशे घरं होतील. 'काय गेलं, केव्हा, तक्रार दिली का, नाही तर का?' एवढे चार प्रश्न बस्स. प्रश्नावली आधी मागून घ्या. ती नसेल तर पदवी भिंतीवरच ठेवू द्या.

आता बसथांब्याचं. या कामाला समाजकार्याची पदवी असलेली आणि पोलिसांसोबत प्रत्यक्ष काम केलेली बाई हवी. अशी माणसं आपल्या राज्यात आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथं समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारातच बसतात, आणि पुढं ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. विशेष कक्ष, भरोसा सेल (पोलिसांचा महिला-मुलांसाठीचा मदत कक्ष) किंवा समुपदेशन केंद्रात तीन-चार वर्षं काढलेली व्यक्ती शोधा. किती प्रकरणं हाताळली हे विचारा, प्रकरणांचा तपशील विचारू नका. जी बाई तुम्हाला खूश करायला पीडित मुलीचं नाव-गाव सांगून टाकते, तिला काम देऊ नका.

ती आली की काय करेल? आठ-दहा पोरींना घेऊन शाळा सुटण्याच्या वेळेला घर ते थांबा पायी फेरी. सोबत पुरुष सदस्य नकोत, मास्तरही नको. पोरी जिथं पाऊल जलद उचलतात किंवा रस्ता बदलतात ती जागा नकाशावर. उजेड, झुडूप, पानठेल्याचं बाकडं, टवाळ पोरं बसतात तो कट्टा, सगळं वेळेसकट. खूपदा उपाय कॅमेऱ्यापेक्षा साधा निघतो : आगाराला पत्र देऊन बसची वेळ शाळा सुटण्याला जुळवणं, थांबा वीस पावलं किराणा दुकानासमोर सरकवणं, एक दिवा. पाऊण तासाचं उभं राहणं दहा मिनिटांवर आलं की त्रास देणाऱ्याची संधीच आटते. पानठेल्याला हाकलून लावायची घाई करू नका. ठेलेवाला चांगला असेल तर तोच तिथला पहिला साक्षीदार ठरतो.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच असते, तिथं हा विषय ठेवा. आणि १८ वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे. 'तंटामुक्ती समितीत मिटवून घेऊ' असं म्हणणारा सल्लागार, मग तो कोणत्याही हुद्द्याचा असो, त्याच क्षणी बाद. समितीत मिटतात ती फक्त कायद्याने तडजोड करता येणारी प्रकरणं.

बोअर आणि धुण्याच्या जागेकडे कॅमेऱ्याचं तोंड येणार नाही, हे आराखड्यात लिहून घ्या. बायका ते तोंडावर सांगत नाहीत, पाण्याला जायची वेळ बदलतात.

---

विस्तार_टेबल

निधीचं. वित्त आयोगाच्या निधीचा बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) भाग पाणी आणि स्वच्छतेचाच असतो. १५व्या आयोगात तो ६० टक्के होता. त्याला हात लावलात तर लेखापरीक्षणात वसुली निघेल. सल्लागाराची फी ग्रामनिधीतून म्हणजे तुमच्या स्वतःच्या उत्पन्नातून देणं सर्वांत सुरक्षित. अबंधित निधीतून कॅमेरे-दिवे घ्यायचे तर काम आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात असायला हवं, नसेल तर पुरवणी आराखडा करून ग्रामसभेची मंजुरी. आराखडा आणि खरेदी ही दोन वेगळी कामं ठेवा, दोन वेगळे ठराव, दोन वेगळी दरपत्रकं. 'फुकट आराखडा' नको. त्याची किंमत कॅमेऱ्यांच्या दरात घातलेली असते, आणि लेखापरीक्षक विचारेल तेव्हा गरज कुणी ठरवली याचं उत्तर 'विकणाऱ्याने' असं द्यावं लागेल.

तुमच्या गावाला एकच माणूस पुरणार नाही असं मला वाटतं. ग्रामीण ठाण्यात काम केलेला निवृत्त पोलीस मुख्य, आणि थांब्यासाठी समाजकार्याची एक व्यक्ती तीन-चार दिवसांसाठी. कॅमेऱ्यांचा तांत्रिक तपशील विक्रीशी संबंध नसलेल्या माणसाकडून. तालुक्याच्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमधले निदेशक तपासून देऊ शकतात, संस्थेला रीतसर पत्र द्या.

करारनाम्यात हे असू द्या : एक दिवसाची आणि एक रात्रीची शिवारफेरी, पोलीस पाटील आणि बीट अंमलदारासोबत बैठक, मराठीत लिहिलेला आराखडा, प्रत्येक उपायासमोर अंदाजे खर्च आणि जबाबदार व्यक्ती, ग्रामसभेत स्वतः येऊन वाचन. कोणत्याही विक्रेत्याकडून किंवा एजन्सीकडून दलाली घेणार नाही असं हमीपत्र. पैसे तीन टप्प्यांत : सुरुवातीला २० टक्के, ग्रामसभेत मसुदा मांडल्यावर ४०, उरलेले ४० सहा महिन्यांनी फेरआढावा झाल्यावर. शेवटचा हप्ता आधी देऊ नका, नाहीतर माणूस परत येत नाही.

संदर्भ म्हणून दिलेल्या गावांना फोन सरपंचालाच करू नका. तिथल्या पोलीस पाटलाला आणि बचत गटाच्या अध्यक्षेला करा, आणि एकच विचारा : आराखड्यातलं आज काय चालू आहे?

---

पांदणरस्ता

कळलं जी. कंपनीला उद्याच पत्र देतो की आराखडा वेगळा, कॅमेरे वेगळे. निरीक्षक साहेबांकडून नेमणुकांचा तक्ता मागवतो. माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात टाकतो, म्हणजे सल्लागार येईपर्यंत आकडे हातात राहतील.

---

ठाणे_दैनंदिनी

अर्ज टाकायच्या आधी ठाणेदारांना एकदा भेटून घ्या, भाऊ. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सोबत न्या. संख्या बऱ्याचदा तिथंच मिळून जाते, आणि तुम्ही कुरापत काढायला नाही तर काम करायला आलात हे त्यांनाही कळतं. पंपावर नंबर ठोकायला सल्लागाराची वाट पाहू नका. पंचाचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, बचत गटाच्या किंवा सोसायटीच्या मार्फत एकच घ्या आणि ओलिताच्या पाळीप्रमाणे विहिरीविहिरीवर फिरवा.